डूइव्हेंट्सने बार हलला म्हणून खूश होऊ नका

"साठ हजार पावत्या एक्सेलमधून घेताना प्रोग्रेस बार (काम किती झालं ते दाखवणारी पट्टी) शून्यावर अडकायचा, खिडकी पांढरी पडायची. लूपमध्ये डूइव्हेंट्स (रांगेत थांबलेले मेसेज मध्येच उचलायला लावणारी आज्ञा) टाकलं, चालायला लागलं. आता ठीक आहे ना?" तुमचं हे वाचलं आणि 2011 चा मार्च एंड डोळ्यांसमोर आला. ठीक नाहीये, भाऊ. आजच काढा ते.

यूआय थ्रेड, म्हणजे खिडकी रंगवणारा आणि क्लिक ऐकणारा धागा, लूपमध्ये गुंतला, पाच सेकंद मेसेज (क्लिक, रंगवणं वगैरेच्या सूचना) उचलले नाहीत की विंडोज खिडकी पांढरी करतं, हे तुम्हाला माहीत असेलच. पण डूइव्हेंट्स फक्त बार रंगवायचा मेसेज उचलत नाही, रांगेतलं सगळं उचलतं. क्लिकसुद्धा.

नागपूरला कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे आमचं सॉफ्टवेअर होतं. शेतकऱ्यांच्या उचलीवर व्याज लावून शिल्लक नव्या वर्षात ओढायची, त्याचं एकच बटन. लूपमध्ये मी डूइव्हेंट्स टाकलेलं, अगदी तुमच्यासारखंच. मुनीमजींनी बटन दाबलं. बार हळूहळू सरकत होता, 40 च्या आसपास त्यांना वाटलं अडकला, त्यांनी पुन्हा दाबलं. दुसरी फेरी पहिलीच्या पोटात सुरू झाली, 100 पर्यंत गेली, आणि मग बार टुणकन मागे 40 वर येऊन परत चालू लागला. म्हणजे पहिली फेरी उरलेलं काम करायला परतली. प्रत्येक खात्यावर व्याज दोनदा.

मी फोनवर चिडलो तर म्हणाले, "काहून, दोनदा दाबाचं नव्हतं का? मंग बटन दाबू काहून देता?" बरोबरच होतं त्यांचं. उत्तर नव्हतं माझ्याकडे. पहाटेपर्यंत एकेक खातं उलटं फिरवलं.

त्याआधी महिनाभर मी ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर बनवायची साधनं घेतली होती त्यांच्या मदत-विभागाला बार अडखळतो म्हणून विचारत होतो. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तेच उत्तर: रॅम वाढवा. ग्राहकाच्या पैशांनी वाढवलीही. यूआय थ्रेड हा शब्द एकानेही काढला नाही. असो, त्यावर लिहायला बसलो तर तुमचं उत्तर राहून जाईल.

माझं मत (डॉटनेटमध्ये खिडक्या बनवायच्या दोन पद्धतींपैकी मी विनफॉर्म्सवाला, दुसरीत, डब्ल्यूपीएफमध्ये, यूआय थ्रेडकडे काम पाठवायला डिस्पॅचर आहे, तत्त्व तेच, बाकीचं मला विचारू नका): काम टास्क.रनमध्ये टाका, म्हणजे ते वेगळ्या थ्रेडवर चालेल, आणि बारसाठी, प्रगती यूआय थ्रेडला कळवायला, प्रोग्रेस<इंट> वापरा. डॉटनेट 4.5 पासून, म्हणजे 2012 पासून आहे. फक्त ते ऑब्जेक्ट बटनाच्या क्लिकमध्येच, यूआय थ्रेडवर बनवा. टास्कच्या आत बनवलं तर ते यूआयकडे परत यायचा रस्ताच विसरतं. जुनं प्रोजेक्ट असेल तर बॅकग्राउंडवर्करही (मागे वेगळ्या थ्रेडवर काम चालवणारा जुना घटक) चालतो, पण त्यात वर्कररिपोर्ट्सप्रोग्रेस (प्रगती कळवायची परवानगी) ट्रू करायला विसरू नका, मी दोनदा विसरलोय.

आणि पहिल्या ओळीतच बटन बंद करा, फायनलीमध्ये (मध्ये चूक झाली तरी चालणाऱ्या भागात) उघडा. अवेट (यूआय न अडवता काम संपायची वाट पाहणं) असलं तरी दुसरी क्लिक येतेच, मुनीमजी काही बदललेले नाहीत.

प्रत्येक पावतीला रिपोर्ट करू नका. साठ हजार मेसेज यूआयच्या रांगेत पडले की तीच पांढरी खिडकी नव्या वाटेने परत येते. टक्का बदलला तरच कळवा, शंभर वेळा पुरे. सी शार्पमध्ये असाल तर आय/एकूण*100 (आय म्हणजे कितवी पावती) लिहू नका, पूर्णांकांचा भागाकार शेवटच्या पावतीपर्यंत शून्यच देतो. आधी शंभरने गुणा, आणि आकडे दोन कोटींच्या पुढे जाणार असतील तर लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकात), नाहीतर ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा मावत नाही.

दुसऱ्या थ्रेडमधून थेट बारला हात लावून क्रॉस-थ्रेडची तपासणी बंद करायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. ती तपासणी बहुधा डीबगर (चुका शोधायचं साधन) लावलेला असतानाच ओरडते, ग्राहकाकडे ती चूक गुपचूप काहीतरी विचित्र करते.

शेवटी बार 100 ला पोहोचायच्या आत "झालं"चा मेसेज येईल. तुमचं चुकलेलं नाही. विंडोज व्हिस्टापासून बार ॲनिमेशनने हळू भरतो, पण मागे येताना झटकन येतो. म्हणून बारची व्हॅल्यू एकने वाढवून लगेच खाली आणतात. शंभरावर मॅक्सिमम आधी 101 करा, व्हॅल्यू 101 टाका, मग दोन्ही 100.