मुलीच्या शाळेत ‘साउथ पॅसिफिक’ हे अमेरिकन संगीत नाटक बसवतायत. आधी त्यावरचा 2001 चा टीव्हीपट दाखवला तर चालेल का?

नका दाखवू. निदान पहिल्यांदा तरी तो नकोच.

मुलगी नर्सांच्या कोरसमध्ये आहे आणि घरात टीव्हीपटाची डीव्हीडी आयती पडली आहे, असं तुम्ही लिहिलंय. पण या टीव्हीपटावरून आमच्या घरात जी वादावादी झाली ती अजून मिटलेली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

26 मार्च 2001 ला एबीसी या अमेरिकन वाहिनीवर तो लागला तेव्हा वन्सं आमच्याकडे न्यू जर्सीत राहायला आल्या होत्या. याच नाटकावरचा 1958 चा सिनेमा मला तोंडपाठ, त्यामुळे मी सगळ्यांना हौसेने टीव्हीसमोर बसवलं. ग्लेन क्लोज नायिका नेली म्हणून पडद्यावर आली आणि मी म्हटलं, ही नेली नव्हे. वन्सं लगेच तापल्या. “म्हणजे पन्नाशीतल्या बाईने प्रेमात पडूच नये की काय?” आमच्या ह्यांनी मध्येच बालगंधर्व काढले. पन्नाशीनंतरही ते नायिका करत होते आणि लोक त्यांना डोक्यावर घेत होते, मग हिनेच काय घोडं मारलंय? अहो, लोक तिथे गाणं ऐकायला जायचे, आणि कॅमेरा काही त्यांच्या नाकाला टेकलेला नसायचा.

पन्नाशीतल्या बाईने खुशाल प्रेम करावं. माझं म्हणणं नेलीच्या मनातल्या अढीबद्दल होतं. नेली ही आर्कान्सातल्या लिटल रॉक गावची, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या एका बेटावर आलेली नौदलातली विशीतली नर्स. फ्रेंच मळेवाल्या एमिलवर तिचा जीव जडतो. मग कळतं की त्याच्या दोन मुलांची वारलेली आई पॉलिनेशियन होती, आणि ही मागे फिरते. का, ते तिलाही नीट सांगता येत नाही. हे आपल्यात जन्मापासूनच आहे म्हणते. त्यावर लेफ्टनंट केबल चिडून गातो की जन्मतः काही नसतं, सहा-सात-आठ वर्षांचे व्हायच्या आत ते शिकवावं लागतं. (1957 साली याच लिटल रॉकमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत शिरू देईनात. नाटक त्याच्या आठ वर्षं आधीचं, 1949 चं.) नेलीने घरून आणलेली ही शिदोरी कधी उघडून पाहिलेलीच नसते. म्हणून शेवटी ती त्या मुलांपाशी येऊन बसते तेव्हा आपला विश्वास बसतो. पन्नाशी ओलांडलेल्या चेहऱ्यावर तीच अढी तीस वर्षं मुरलेली दिसते, आणि उतारा मात्र संहितेतला जुनाच, विशीतल्या मुलीला पुरणारा.

वन्सं म्हणाल्या, उलट हेच खरं, मोठ्या माणसांतच हे जास्त असतं. असतंच. पण मग ते जातं कसं तेही दाखवा ना!

आमच्या मोठ्या दिरांनी इथल्या कृष्णवर्णीय मुलीशी लग्न केलं. पुण्यात सासूबाईंच्या शोकेसमध्ये सगळ्या नातवंडांचे फोटो काचेला टेकवून ठेवलेले, आणि दिरांच्या दोन मुलांचे मात्र खालच्या खणात, लाइटबिलांच्या गठ्ठ्याखाली. मी स्वतः खण उघडून पाहिलेत. सासूबाई शिकलेल्या, शाळेत मराठी शिकवलेल्या बाई. त्यांचं मन एका रात्रीत पालटलं नाही. आधी नुसती वाढदिवसाची पत्रं, तीही दिरांच्या नावाने. मग फोनवर जाऊबाईंना “बरी आहेस ना?” एवढंच, तेही इंग्रजीत. मग कुणी इकडे येणारं असलं की मेतकुटाची पुडी, धाकट्याला आवडतं म्हणून. मुलं कॉलेजात गेली तेव्हा कुठे फोटो वर आले. दिरांनी ती सगळी वर्षं कशी काढली ते मी पाहिलंय. म्हणून दोन तासांत निस्तरलेली पन्नाशीतली नेली मला खोटी वाटते. आईला फार लवकर माफ करण्याची वन्संना तेव्हा घाई होती, त्या टीव्हीपटाची बाजू घेत होत्या ते त्यासाठीच, असं माझं आजही मत आहे.

बाकी दोषही आहेत. गाण्यांचा क्रम बदललाय, ब्लडी मेरी या बेटावरच्या बाईचं ‘हॅपी टॉक’ हे गाणं चक्क गाळलंय. एमिल झालेला रादे शेर्बेजिया नट म्हणून उत्तम, पण गळा गायकाचा नाही. ही भूमिका रंगमंचावर पहिल्यांदा केली ती मेट्रोपॉलिटन ऑपेरा गाजवलेल्या एझिओ पिंझाने. 1958 च्या सिनेमात रोसानो ब्राझीला स्वतः गाता येत नव्हतं, तर ऑपेरातल्या जॉर्जिओ टोझीचा आवाज घेतला. टीव्हीवाल्यांना तेवढंही सुचू नये?

1958 चा सिनेमा तरी निर्दोष आहे का, तर नाही. गाणं आलं की सगळं पडदाभर पिवळं-जांभळं होतं. दिग्दर्शक जोशुआ लोगनला स्वतःलाच पुढे त्याचा पश्चात्ताप झाला. आणि टीव्हीपटातली एक गोष्ट मान्य करायला हवी: शेवटच्या अर्ध्या तासात युद्ध खरोखर दिसतं, गोऱ्या आणि काळ्या सैनिकांच्या वेगळ्या तुकड्याही दिसतात. केबल झालेला हॅरी कॉनिक ज्युनिअर गातोही छान.

तेव्हा आधी 2008 च्या लिंकन सेंटरच्या प्रयोगाची ध्वनिमुद्रिका ऐकवा. केली ओ’हारा आणि पाउलो शॉट. मग सिनेमा, रंग सोसून. टीव्हीपट प्रयोग झाल्यावर बघा, तेव्हा मुलीला स्वतःच फरक कळेल.

आणि शाळेत एक नक्की विचारा, केबलचं ते गाणं ठेवलंय ना? ते गाळा म्हणून नाटकाचे कर्ते रॉजर्स आणि हॅमरस्टाईन यांच्या मागे लोक लागले होते, दोघांनी ऐकलं नाही. 1953 मध्ये जॉर्जियाच्या आमदारांनी त्यावरून कायदा करायची भाषा केली होती. वेळ वाचवायला म्हणून शाळेने ते काढलं असेल तर पालकसभेत उभं राहून भांडा, आणि दिरांसारखे आणखी दोन पालक सोबत घेऊन जा.