बेटिंग साइटवर जिंकलेले पैसे क्रिप्टो वॉलेटमधून कसे काढायचे? त्याआधी ३० टक्के टॅक्स भरावा लागतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साइटवर यूपीआयने मिळून ६० हजार भरलेत, आता तिथे ३ लाख ४० हजार शिल्लक दिसतेय. साइट म्हणते बँकेत देता येणार नाही, यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो) घ्या, आणि त्याआधी ३० टक्के टॅक्स म्हणून १ लाख २ हजार भरा. तुम्हाला विचारायचंय की वॉलेट कुठलं घ्यावं, आणि तुमच्या खात्यावर होम लोन चालू असल्याने रुपये निफाडच्या मामेभावाच्या खात्यात घेतले तर चालतील का.

वॉलेटचं नंतर बघू. आधी ते १ लाख २ हजार भरू नका. "रात्री बारापर्यंत भरले नाहीत तर खातं बंद होईल" असा मेसेज आला असेल, तरी भरू नका.

मी नाशिकच्या सिडकोत रिटर्न भरून देण्याचं काम करतो. जुलै लागला की अंबड-सातपूरच्या कंपन्यांतली मुलं फॉर्म १६ घेऊन येतात. सगळं झालं, पावती हातात पडली, की उठता उठता हळूच म्हणतात, "सर, अजून एक होतं." हल्ली ते "अजून एक" बऱ्याचदा तुमच्यासारखंच असतं. म्हणून टॅक्सचा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण फसवणारे नेमका तोच धागा पकडतात. ३० टक्के हा आकडा खरा आहे, त्यामुळे माणसाला सगळंच खरं वाटतं.

ऑनलाइन गेममधल्या जिंकलेल्या रकमेवर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सरसकट ३० टक्के कर आहे (जुन्या आयकर कायद्यातलं कलम ११५बीबीजे, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत). आणि पैसे देणाऱ्यानेच देताना ३० टक्के टीडीएस कापायचा, हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालं. आता नीट बघा. कापायचा म्हणजे तुमच्या जिंकलेल्या रकमेतून कापायचा आणि उरलेले द्यायचे. तुमच्याकडून वर आणखी पैसे मागवून घ्यायचे नाहीत. पगारातून टीडीएस जातो तेव्हा एचआरवाले तुम्हाला "आधी टॅक्सचे पैसे जीपे करा, मग पगार टाकतो" असं म्हणतात का?

शिवाय त्यांचं गणितही चुकलंय. कर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर लागतो. तुम्ही स्वतःचे ६० हजार घातलेत, ते वजा जातात. म्हणजे ३ लाख ४० हजार काढलेत तर निव्वळ २ लाख ८० हजार, त्यावर टीडीएस ८४ हजार, आणि रिटर्न भरताना ४ टक्के सेस धरून एकूण कर ८७ हजार ३६०. साइटने मात्र पूर्ण रकमेवर ३० टक्के लावून १ लाख २ हजार काढलेत. ज्याला खरोखर सरकारकडे टीडीएस भरायचा असतो त्याच्याकडे ही चूक होत नाही. आणि भरलेला टीडीएस तुमच्या पॅनवर, फॉर्म २६एएसमध्ये, कापणाऱ्याच्या नाव-टॅनसकट दिसतो (टॅन म्हणजे टीडीएस कापणाऱ्याला आयकर खात्याने दिलेला नंबर). साइटला एवढंच विचारा, "तुमचा टॅन नंबर द्या." उत्तर काय येतं ते बघा.

एखादा हुशार "कस्टमर केअर"वाला तुम्हाला सांगेल की बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर आधी कर भरल्याची खात्री करावी लागते. तशी तरतूद आहे, खोटं नाही. पण तो करसुद्धा तुमच्या पॅनवर, सरकारी चलनाने, आयकराच्या पोर्टलवरून जातो. कुणाच्या यूपीआय आयडीवर किंवा वॉलेटवर भारताचा आयकर भरला जात नाही.

मग साइट बँकेत का देत नाही? केंद्राने २०२५ साली ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि बँक-पेमेंट कंपन्यांनी त्यांचे व्यवहार करणं, तिन्ही त्यात गुन्हा ठरवलंय. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. त्या वेळी ड्रीम११, एमपीएल यांच्यासारख्यांनी पैशांचे खेळ बंद केले, पण लोकांची शिल्लक बँकेत काढून घ्यायची सोय ठेवली. तुमची साइट त्यानंतरही जोरात चालू आहे, याचा अर्थ ती बहुधा देशाबाहेरून चालते आणि इथल्या कायद्याला ती मोजत नाही. अशांना यूएसडीटी सोयीचं पडतं, कारण एकदा गेलेलं परत मागवायला मध्ये कुठलीही बँक नसते.

आता वॉलेट. वॉलेटने रुपये मिळत नाहीत, हे बऱ्याच जणांना कळतच नाही. ट्रस्ट वॉलेट किंवा मेटामास्कमध्ये यूएसडीटी येऊन पडेल, पण त्याचे रुपये करायला एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीची कंपनी) विकावं लागेल किंवा पी-टू-पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, द्यावं लागेल. पत्ता देताना नेटवर्क, म्हणजे यूएसडीटी कुठल्या ब्लॉकचेनवरून येणार ते, बघायचं: टीआरसी-२०चा (ट्रॉन नेटवर्क) पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, ईआरसी-२० आणि बीईपी-२० या दोन्हींचा शून्य-एक्सने, त्यामुळे या दोघांत लोक गोंधळतात आणि चुकीच्या नेटवर्कवर पाठवलेलं अडकून पडू शकतं. बारा किंवा चोवीस शब्दांची सीड फ्रेज, म्हणजे वॉलेटची किल्लीच, कुणालाही द्यायची नाही, फोटो काढूनही ठेवायची नाही. साइटवर "कनेक्ट वॉलेट" करून "अप्रूव्ह" दाबायला सांगितलं तर दाबायचं नाही. त्या एका बटणाने तुमच्या वॉलेटमधलं यूएसडीटी उचलायची परवानगी समोरच्याला मिळू शकते.

आणि हे पक्कं धरून चाला: क्रिप्टो स्वीकारायला तुम्हाला एक पैसाही खर्च येत नाही. नेटवर्कची फी पाठवणारा भरतो. "वॉलेट ॲक्टिव्हेट करायला २०० यूएसडीटी टाका", "व्हेरिफिकेशन डिपॉझिट", "मोठी रक्कम आहे म्हणून व्हीआयपी चॅनेल" हे सगळे पैसे उकळायचे प्रकार. साइट म्हणाली की पाठवलेत, तर ट्रान्झॅक्शन आयडी मागा आणि टीआरसी-२०वर पाठवलं म्हणत असतील तर ट्रॉनस्कॅनवर (ट्रॉनचे व्यवहार दाखवणारी साइट) टाकून बघा. तिथे दिसलं नाही तर पाठवलेलंच नाही. स्क्रीनशॉटला काडीची किंमत नाही. साइटवर दिसणारे ३ लाख ४० हजार हा त्यांनी त्यांच्या पानावर लिहिलेला आकडा आहे, अजून तरी तेवढंच. परीक्षा घ्यायची असेल तर म्हणा, टॅक्स माझ्या शिल्लकीतून कापा आणि आधी फक्त दोन हजारांचं यूएसडीटी पाठवून दाखवा.

समजा खरोखर आलं. खरी गोम इथून पुढे आहे, आणि माझ्याकडे रडत येतात ते लोक याच टप्प्यावरचे असतात.

पी-टू-पीवर विकायला गेलात की बाजारापेक्षा रुपया-दीड रुपया जास्त दर देणारा कुणीतरी भेटतो. ऑर्डर त्याच्या नावाने, पण पैसे येतात भलत्याच नावाने. कधी दोन तुकड्यांत, दोन वेगळ्या खात्यांतून आयएमपीएस. तो चॅटवर म्हणतो, "भावाचं खातं आहे, रिलीज करा." तुम्ही खात्यात पैसे बघता, यूएसडीटी सोडता, विषय संपला असं वाटतं. काही दिवसांनी बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक दिसते पण काढता येत नाही. शाखेत गेलात की मॅनेजर स्क्रीन फिरवून दाखवतात: लीन लागलंय (म्हणजे रक्कम गोठवलीय), दुसऱ्याच कुठल्या राज्याच्या सायबर पोलिसांचं पत्र, तक्रार क्रमांक अमुक. कारण तुमच्याकडे आलेले रुपये कुणा तिसऱ्या माणसाकडून फसवून काढलेले होते. त्याने तक्रार केली, आणि पैसा ज्या-ज्या खात्यांतून फिरला त्यात तुमचंही खातं निघालं.

अंबडमधल्या एका कारखान्यातला मुलगा असाच आला होता. त्याने ज्या खात्यात पैसे घेतले तेच पगाराचं खातं. पगार आला आणि अडकला, ईएमआय बाऊन्स, घरभाडं उसनं. बँक सांगते, आम्ही काही करू शकत नाही, तपास अधिकाऱ्याकडून पत्र आणा. तो अधिकारी हजार मैलांवर, फोन उचलला तर नशीब. अशा वेळी कामाला येतात ती कागदपत्रं: पी-टू-पी ऑर्डरचा नंबर, चॅट, समोरच्याचं केवायसी नाव, यूएसडीटी कुठून आलं त्याचा ट्रान्झॅक्शन आयडी. आणि "कुठून आलं" याचं उत्तर "बेटिंग साइटवरून" असं असेल तर बोलताना जीभ अडखळते, हे त्याने स्वतः सांगितलं.

म्हणून विकायचंच असेल तर फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) नोंदलेल्या भारतीय एक्स्चेंजवरच विका, स्वतःच्या केवायसीने. तिथे १ टक्का टीडीएस कापला जातो, ३ लाख ४० हजारांवर ३ हजार ४००. तो रिटर्नमध्ये वजा मिळतो. क्रिप्टोतून घेतलं की सरकारला कळत नाही, ही समजूत सोडून द्या. ७ मार्च २०२३ पासून एक्स्चेंजेसना मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात, आणि ट्रॉनवरचा व्यवहार तर कुणीही उघडून बघू शकतो. रिटर्न आयटीआर-१ मध्ये भरता येणार नाही. साध्या पगारदाराला आयटीआर-२ लागेल, जिंकलेली रक्कम इतर उत्पन्नात आणि यूएसडीटीची विक्री व्हीडीएच्या (क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेच्या) वेगळ्या तक्त्यात. "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही ना?" हे हमखास विचारलं जातं. ती सूट या उत्पन्नाला लागत नाही. आणि इतर साइट्सवर हरलेले पैसे क्रिप्टोच्या नफ्यातून वजा करता येत नाहीत.

आता तुमच्या ६० हजारांकडे. फोन काढा आणि यूपीआयची हिस्टरी बघा. दरवेळी पैसे वेगळ्याच माणसाच्या किंवा दुकानाच्या नावावर गेलेले दिसतील. ती बहुतेक भाड्याने घेतलेली खाती असतात. त्या यादीचे, साइटवरच्या शिल्लकीचे आणि टॅक्स मागणाऱ्या मेसेजचे स्क्रीनशॉट आजच घ्या, कारण भांडण सुरू झालं की तुमचं लॉगिन बंद होतं. मग १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. शहरात राहत असाल तर आयुक्तालयाचं सायबर पोलीस ठाणं, निफाड-सिन्नरकडचे असाल तर नाशिक ग्रामीणचं. जे झालं ते तसंच सांगा, शेअर मार्केटची वगैरे गोष्ट रचू नका. यूपीआयची यादी त्यांच्याकडेही निघते. पैसे नुकतेच गेले असतील तर समोरच्या खात्यात अडवले जाण्याची थोडी तरी शक्यता असते, महिना उलटला की ती फारशी उरत नाही.

एक अजून. असा प्रश्न उघडपणे विचारलात की "आम्ही अडकलेले पैसे काढून देतो" म्हणणारे लोक टेलिग्रामवर गाठतात. कुणी स्वतःला हॅकर म्हणवतो, कुणी सायबर सेलचा माणूस. फी आधी मागतात. त्यांना ब्लॉक करा.

राहिला मामेभाऊ. त्याच्या खात्यात घेऊ नका. तुमच्या खात्याला जो धोका आहे तोच त्याच्या खात्याला, फक्त त्याला त्यातलं काहीच माहीत नसेल. व्यापाऱ्याकडून द्राक्षाचे पैसे त्याच खात्यात येत असतील, पीक कर्जही तिथेच असेल, आणि ऐन हंगामात लीन लागलं तर मजुरी कशातून देणार तो? शिवाय रक्कम त्याच्या पॅनवर दिसेल आणि जिंकलात तुम्ही, म्हणजे नोटीस आली तर दोघांनाही उत्तर द्यावं लागेल. साइटवर त्याचा खाते नंबर किंवा आधार-पॅनचे फोटो आधीच चढवले असतील तर त्याला आजच फोन करून सांगा, आणि अनोळखी नावाने पैसे जमा झाले तर ते न वापरता, कुणाला परत न पाठवता, आधी बँकेला लेखी कळवायला सांगा.