‘रिपीटर’ला सातबारी म्हणावं की स्वयंचलित?

प्रश्न असा आहे: टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचे (टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत फाशांवर खेळायच्या खेळाचे) नियम मराठीत आणताना काळ्या दारूच्या ‘रिपीटर’ला, म्हणजे एकदा भरून लागोपाठ अनेक बार काढणाऱ्या जुन्या बंदुकीला, ‘स्वयंचलित बंदूक’ म्हणावं की ‘पुनरावर्ती बंदूक’? आणि ‘रीलोड’साठी सगळीकडे ‘ठासणे’ चालेल का?

‘स्वयंचलित’ नकोच. चाप दाबून धरला की बारामागून बार आपोआप उडतात, ती स्वयंचलित. या जुन्या बंदुकांना दर बारामागे हात चालवावा लागतो. जेम्स पकलने १७१८ साली लंडनमध्ये पेटंट घेतलेली तिवईवरची बंदूक १७२२च्या चाचणीत ७ मिनिटांत ६३ वेळा उडाली, पण तिचं चक्र प्रत्येक वेळी हातानेच फिरवायचं होतं. ‘पुनरावर्ती’ अर्थाने चूक नाही, मात्र तो गणिताच्या वहीतला शब्द आहे. खेळताना तोंडात बसणार नाही.

खरं तर शब्द घरातच आहे. रिव्हॉल्वरला आपण ‘सहाबारी पिस्तूल’ म्हणतोच. त्याच चालीवर ‘सातबारी’, आणि आकडा सांगायचा नसेल तिथे ‘बहुबारी’. ‘दुनळी’ नळ्या मोजते, ‘सहाबारी’ बार मोजते, आणि नळी एकच ठेवून बार वाढवणं हेच तर या बंदुकांचं वैशिष्ट्य.

आता ‘ठासणे’. ठासायला गज लागतो: नळीच्या तोंडातून दारू, मग गोळी, मग गजाने दाबायचं. सतराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या मिकेले लोरेंझोनीच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली रचना पाहा. तिच्या दस्त्यात दोन कप्पे असतात, एक दारूचा, एक गोळ्यांचा. नळीचं तोंड खाली करून डाव्या बाजूची दांडी फिरवली की आडव्या गोल ठोकळ्याच्या खळग्यांत एक गोळी आणि एका बारापुरती दारू पडते. दांडी उलटी फिरवली की आधी गोळी आणि तिच्यामागे दारू नळीच्या बुडाशी येते. त्याच हालचालीत कानात (पेटवण्याच्या भोकापाशी) रंजक, म्हणजे बार पेटवणारी दारू, पडते आणि घोडाही चढतो. गजाचा कुठे संबंधच नाही. त्यामुळे इथे ‘दांडी फिरवणे’ लिहा, कप्पे रिकामे झाल्यावर ‘कप्पे भरणे’, आणि ‘ठासणे’ साध्या ठासणीच्या बंदुकीसाठी राखून ठेवा. नियमांत या तिन्ही कृतींना वेगवेगळा वेळ लागतो, म्हणून तीन क्रियापदं हवीतच.

‘घोडा’ बोलण्यात चापासाठीही वापरतात. खेळाच्या शब्दयादीत ती सूट घेऊ नका. बोट दाबतं तो चाप. गारगोटी धरून आपटतो तो घोडा. दोन्हींना घोडा म्हटलं, तर ‘घोडा चढलेला असेल तरच बार काढता येतो’ हा नियम कुणाला कळणार नाही.

‘शॉट’साठी ‘फैर’ही टाळा. फैर बहुधा अनेकांनी मिळून झाडायची असते. शिवाय खेळात ‘राउंड’ला ‘फेरी’ म्हणत असाल, तर ‘एका फेरीत एक फैर’ हे वाचताना डोळा हमखास अडखळतो. ‘एका फेरीत एक बार’ स्वच्छ आहे.

फासे वाईट पडल्यावरच्या शब्दांतही फरक ठेवा. रंजक पेटली पण आतली दारू पेटलीच नाही, तर ‘बार फुसका गेला’. काजळीने ठोकळा घट्ट झाला, तर ‘दांडी अडकली’. ठोकळा झिजून फटीतून ज्वाळा मागे दारूपर्यंत गेली, तर ‘कप्पा उडाला’. तिथे ‘मिसफायर’ किंवा ‘फुसका’ लिहिणं घातक आहे: फुसक्या बाराने फक्त एक संधी जाते, पण कप्पा उडतो तो बंदूक धरणाऱ्याच्या हाताशी, आणि उरलेल्या सगळ्या बारांची दारू एकदमच पेटते.