पुण्याच्या रस्त्यांसाठी रोड बाइकला (वेगाच्या सायकलला) ५० मिमी उंच रिमची कार्बन व्हील्स घ्यावीत का? टायर कोणते?

तुमची गरज अशी समजलो: कार्बन फ्रेम, डिस्क ब्रेक, १२ स्पीड अल्टेग्रा (शिमानोचा गिअर संच), फ्रेममध्ये जास्तीत जास्त ३२ मिमीचा टायर, स्वतःचं वजन ७२ किलो, राइड्स सिंहगड-पानशेत-लवासा बाजूला. मन ५० मिमीच्या कार्बन व्हील्सवर बसलंय, आणि टायर २५ की २८, ट्यूब की ट्यूबलेस, हे नंतर बघू म्हणताय. क्रम उलटा लावा. आधी टायर, मग रिमची आतली रुंदी, रिमची उंची सगळ्यात शेवटी.

२५ चा विचार सोडून द्या. तुमच्या वजनाला त्यात ८५-९० पीएसआय हवा लागेल आणि ठिगळं लावलेल्या डांबरावर बाइक नुसती उडत राहील. प्रत्येक उडीत पायातली ताकद वाया जाते, हात बधिर होतात ते वेगळंच. मी पुढे २८ आणि मागे ३० लावेन. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, तिथे हवेचा पुंजका मोठा हवा. पुढचं चाक वारा कापतं, तिथे टायर रिमपेक्षा फुगीर नको. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या प्रत्यक्ष रुंदीच्या १०५ टक्के असावी, असा जुना ठोकताळा आहे. काटेकोर पाळायची गरज नाही, पण बाहेरून २७ मिमीच्या रिमवर ३० चा टायर लावला तर ५० मिमी उंचीचे पैसे बऱ्यापैकी वाया गेले म्हणायचे.

पेटीवरची रुंदी आणि बाइकवरची रुंदी वेगळी निघते. रिम आतून १ मिमी रुंद झाली की टायर साधारण ०.४ मिमी पसरतो. त्यामुळे आतून २३ मिमीच्या रिमवर २८ चा टायर २९ च्या पुढे जाऊ शकतो, ३० चा ३१ च्या आसपास. फ्रेमची ३२ ची मर्यादा या प्रत्यक्ष रुंदीला लागू धरा. हवा भरून एक दिवस ठेवा, मग मापाच्या कॅलिपरने टायरची रुंदी मोजा. नवा टायर थोडा सैलावतो. पावसाळ्यात चेनस्टेजवळ (मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या फ्रेमच्या नळ्यांजवळ) अडकणारा चिखल आणि बारीक खडी कार्बन घासून काढते, म्हणून दोन्ही बाजूंना निदान ४ मिमी मोकळी जागा हवी.

टायरचं नाव विचाराल तर कॉन्टिनेंटल जीपी ५००० एस टीआर. २८ आणि ३० दोन्ही मापं मिळतात, ट्यूबलेस आहे, ट्यूब घालूनही चालतो. व्हिटोरिया कोर्सा प्रो कॉटनचा, चालवायला फार गोड, पण आपल्या रस्त्यांच्या कडेची खडी त्याच्या बाजूच्या भिंतीला झेपेल यावर मी पैसे लावणार नाही. आणि पंक्चरच्या धास्तीने जाड, कडक ट्रेनिंग टायर लावू नका. चांगला आणि असा टायर यांत ताशी तीसच्या वेगाला जोडीमागे पंधराहून जास्त वॉट सहज जातात. व्हील्सचं वजन ३०० ग्रॅमने कमी केलंत तर बाइकसह ८० किलोवर तो फरक ०.४ टक्केही नाही. चाळीस मिनिटांच्या चढात जेमतेम नऊ सेकंद. लोक मात्र त्या ३०० ग्रॅमसाठीच खिसा रिकामा करतात.

रिम आतून २१ ते २३ मिमी घ्या, आणि हुकवाली घ्या, म्हणजे टायरची कड धरून ठेवणारा वळ रिमच्या काठाला असलेली. हुकलेसला तो वळ नसतो. हुकलेसवर कमाल हवा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. तुम्हाला लागणारी हवा त्याच्या आत आहे, पण सकाळी २५ अंशांत भरलेले ६५ पीएसआय मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ६० अंशांना ७४ च्या वर जातात. पंपाचा काटा पाच पीएसआय चुकला तर आणखी. शिवाय टायर हुकलेसला मान्य असलेलाच लागतो, आत ट्यूब घातली तरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर या सायकल शर्यतीत थॉमस डी गेंट या रायडरचा टायर हुकलेस रिमवरून सुटून आला. तो २८ चा होता आणि रिम आतून २५ ची. आता २५ च्या हुकलेस रिमला किमान २९ चा टायर लागतो. स्वस्तात मिळतंय म्हणून असं व्हील घेऊ नका.

आता उंची. ५० चालेल, पण ७२ किलोच्या माणसाला घाटाच्या वळणावर किंवा खिंडीत आडवा वारा पुढचं चाक ढकलतो, शेजारून एसटी गेली की हँडल हलतं. पुढे ४०-४५ आणि मागे ५० हा माझा कल. डिस्क असल्यामुळे उतारावर रिम तापायची चिंता नाही.

हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) मात्र काटकसर नको. डीटी स्विस ३५० किंवा २४० घ्या: टोकाची टोपी हाताने ओढून काढता येते, रॅचेट (पेडलचा जोर चाकाला देणाऱ्या दातेरी चकत्या) पुसून घेता येतो. पावसाळ्यात हे महिन्याला करावं लागतं. ग्रीस त्यांचंच, तेही अगदी पातळ थर. जाड ग्रीस भरलं की दात नीट गुंतत नाहीत आणि जोर लावताना पेडल सटकतं. फ्रीहब बॉडी (हबचा कॅसेट बसवायचा भाग) शिमानो एचजी ११ स्पीडची मागा, त्यावर तुमची १२ स्पीड कॅसेट बसते. एक्सडीआर (स्रॅमची) बॉडी आली तर बसणार नाही. अॅक्सल पुढे १२×१००, मागे १२×१४२, रोटर (डिस्क ब्रेकची चकती) सेंटरलॉक, म्हणजे एका लॉकरिंगने बसणारा. कॅसेट आणि रोटर दोन्हीची लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर. स्पोक २४-२४ पुरे. निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) बाहेरून दिसणारे हवेत. आत लपलेले असले तर आउट काढायला (वाकडं झालेलं चाक सरळ करायला) दरवेळी टायर, सीलंट, टेप सगळं उतरवावं लागतं, आणि खड्ड्यांमुळे आउट काढायची वेळ येतेच.

ट्यूबलेसच करा. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्यांची भोकं टायरमध्ये घातलेला सीलंट हा द्रव चालता चालता बुजवतो. रिमची स्पोकची भोकं बंद करणारी टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिमी रुंद घ्या. आधी रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. हवा गळते ती बहुतेक वेळा या टेपमधून, दोष मात्र टायरला दिला जातो. टायर बसवताना व्हॉल्वचा कोर (आतली सुटी होणारी पिन) काढा, काठावर साबणाचं पाणी लावा, कॉम्प्रेसरने झटक्यात हवा सोडा, पण रिमवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. दोन्ही बाजूंनी 'टक्' आवाज आला की हवा सोडून कोरच्या जागेतून ३०-४० मिलि सीलंट घाला. उन्हाळ्यात दोन महिन्यांनी तपासा, वाळलेला असतो.

सुरुवातीला हवा पुढे ६० आणि मागे ६२ पीएसआय, मग दोन-दोनने बदलत जा. खड्ड्यात रिम टेकल्याचा टणक आवाज आला तर वाढवा.

खिशात प्लग (मोठं भोक बुजवायची पट्टी) आणि एक टीपीयू (हलक्या प्लास्टिकची) ट्यूब ठेवा, आणि तिचा व्हॉल्व तुमच्या रिमला पुरतो का ते घरीच बघा. ५० च्या रिमला लांब व्हॉल्व लागतो. ट्यूबलेस व्हॉल्वचा नट हाताने घट्ट करा. पक्कड लावलीत तर सीलंट वाळल्यावर रस्त्यात तो सुटत नाही, आणि नवी ट्यूब खिशात असूनही घालता येत नाही.