विनोदी मालिकेत तान्ह्या नातवाला काम काय द्यायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: विनोदी मालिका लिहिताय, नायकाला आजोबा केलंत, पण नातू तान्हा असल्यामुळे त्याला काम सुचत नाही. दोन भागांनंतर तो कागदावरून नाहीसाच होतोय. मग त्याला काढून टाकावं का?

अजिबात काढू नका. फक्त त्याच्याकडून काही करून घ्यायचा नाद सोडा. बाळ बोलत नाही, वाद घालत नाही, कुणाची बाजू घेत नाही. भांडखोर घरात असं माणूस एकच असतं, आणि म्हणून त्याच्यापाशी गेलं की मोठ्यांचा आवाजच बदलतो.

अमेरिकेतल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या विनोदी मालिकेतला तान्हा नातू जोई बघा. निर्माते नॉर्मन लिअर यांची ही मालिका सीबीएस वाहिनीवर १९७१ ते १९७९ चालली. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणारा आर्ची बंकर हट्टी, जुन्या वळणाचा आणि काळ्यांपासून ज्यूंपर्यंत सगळ्यांविषयी मनात अढी असलेला. जावई माइक उदारमतवादी आणि नास्तिक. आर्ची त्याला तोंडावर ‘मीटहेड’, म्हणजे मठ्ठ, म्हणतो. सुरुवातीपासून या दोघांचं एका वाक्यावर जमलेलं नाही. आणि डिसेंबर १९७५मध्ये माइक आणि त्याची बायको, म्हणजे आर्चीची मुलगी ग्लोरिया, यांना मुलगा होतो, तोच जोई. त्या दिवशी आर्ची त्याच्या क्लबच्या कार्यक्रमात तोंड काळं रंगवून काळ्या माणसाचं सोंग घेऊन उभा असतो आणि तशाच तोंडाने इस्पितळात पोचतो. नातवाच्या जन्माच्या वेळी आजोबाचा सगळा पूर्वग्रह त्याच्या चेहऱ्यावर फासलेला आहे, आणि त्यावर कुणी भाषण देत नाही. मला हे फार थोर लिखाण वाटतं.

पण तुमच्या कामाचा भाग आहे तो १९७६मधला बाप्तिस्म्याचा, म्हणजे बाळावर पाणी शिंपडून त्याला ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या विधीचा. माइक आणि ग्लोरियाने ठरवलेलं असतं की जोईला बाप्तिस्मा द्यायचा नाही. आर्ची बाळाला गुपचूप चर्चमध्ये नेतो. आईवडिलांची संमती नाही म्हटल्यावर तिथले धर्मगुरू नकार देतात. मग चर्चमध्ये दुसरं कुणी नसताना आर्ची स्वतःच बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडतो. एरवी घर डोक्यावर घेणारा माणूस इथे हळू आवाजात बोलतो, आणि ऐकायला समोर फक्त काही आठवड्यांचं बाळ. तो चुकतोय हे आपल्याला कळतं. त्याचा जीव किती गुंतलाय हेही कळतं.

इथे नातवाऐवजी आर्चीचा स्वतःचा मुलगा असता तर हे घडलंच नसतं. मुलाच्या बाबतीत बाप ठरवतो आणि विषय संपतो. नातवंडावर माया पूर्ण, अधिकार शून्य. मी आजी झाले तेव्हा हे अंगावर अनुभवलं. सहा महिने पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं आणि सुनेने मला दोनदा बजावलेलं. माझी तिन्ही मुलं तर चमच्याने पाणी पीतच वाढली. एका दुपारी सून अंघोळीला गेली, बाळ ओठ चाटत माझ्याकडे बघत होतं, आणि वाटी-चमचा माझ्या हाताशी होता. मी दिलं नाही. पण आर्ची त्या चर्चमध्ये काय करतोय, हे मला त्या दुपारनंतर नीट समजलं.

आता चित्रीकरणाची बाजू. बाळ पडद्यावर थोडा वेळच दिसणार, हे गृहीत धरूनच लिहा. कॅलिफोर्नियात नियम असा आहे की पंधरा दिवस ते सहा महिन्यांच्या बाळाला सेटवर जास्तीत जास्त दोन तास ठेवता येतं आणि त्यातली फक्त वीस मिनिटं प्रत्यक्ष काम. म्हणून बहुतेक ठिकाणी जुळी बाळं घेतात, एक रडलं की दुसरं. जोईचं कामही जेसन आणि जस्टिन ड्रेगर या जुळ्या भावांनी केलं होतं.

पण न दिसणारं बाळही भरपूर काम करतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं आहे, ते आत्ताच झोपलंय, आणि बाहेर बाप-लेकाचं कडाक्याचं भांडण कुजबुजत चाललंय. कुणाचा तरी आवाज चढतो, सगळे गप्प होऊन दाराकडे बघतात, आतून काही येत नाही, आणि भांडण पुन्हा कुजबुजत सुरू. बाळ एकदाही न दाखवता तुम्हाला अख्खा प्रसंग मिळाला.

त्याला गोड दिसायला मात्र लावू नका. प्रेक्षकांकडून ‘आई गं, किती गोड’ वदवून घ्यायला बाळ आणलं की दुसऱ्याच भागात ते शोभेची वस्तू होतं. जोईची लंगोटी बदलतानाही त्या मालिकेने त्याचं उघडं अंग लपवलं नव्हतं, आणि १९७६च्या अमेरिकन टीव्हीला ते नवीन होतं. पण त्यात खरी गंमत होती ती आर्चीच्या अवघडलेल्या हातांची.

तुमच्या नव्या भागाची सुरुवात इथून करून बघा. सून दहा मिनिटांसाठी बाहेर गेली आहे. आजोबा आणि नातू दोघेच घरी. तिने ‘बाबा, एवढं मात्र करू नका’ म्हणून बजावलेली गोष्ट समोर टेबलावर ठेवलेली आहे. आजोबांना त्याच्याशी बोलू द्या.