गाडीतला पट्टा, पाठीवरची झोप आणि घरातल्या गोळ्या: गरोदर मैत्रिणींचे प्रश्न

प्रश्न: मला सहावा महिना आहे. रोज गाडीने कामावर जाते. सीटबेल्टने पोट दाबलं जाईल म्हणून घरचे तो लावू देत नाहीत. काय करू?

लावाच. घरच्यांची काळजी खरी आहे, पण अपघातात बाळाला सगळ्यात मोठा धोका असतो तो आईला होणाऱ्या इजेचा, आणि पट्टा नसेल तर आई सरळ पुढे फेकली जाते. फक्त तो कुठून जातो ते नीट बघा. आडवा पट्टा पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. तो पोटावर आला तर झटक्याचा सगळा दाब गर्भाशयावर येतो. तिरका पट्टा खांद्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या कडेने खाली येऊ द्या. टोचतो म्हणून काखेतून काढू नका. स्वतः चालवत असाल तर छाती आणि स्टिअरिंगमध्ये किमान 25 सेंटीमीटर अंतर ठेवा आणि पोट वाढेल तशी सीट मागे घेत जा. एअरबॅग चालूच राहू द्या.

अजून एक सांगते, आणि हे फार मनापासून सांगते. गाडीला धक्का बसला किंवा तुम्ही पोटावर पडलात, तर कुठे खरचटलं नसलं तरी लगेच तपासून घ्या. अशा धक्क्याने वार (बाळाला पोषण देणारी नाळेची गादी, म्हणजे प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटू शकते, आणि कधीकधी रक्त आतच साचतं, बाहेर थेंबही दिसत नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं अँटी-डी इंजेक्शन लागलं तर ते 72 तासांच्या आत घ्यायचं असतं.

प्रश्न: रात्री जाग येते तेव्हा मी पाठीवर असते. बाळाला काही झालं असेल का?

घाबरू नका, कुशीवर वळा आणि पुन्हा झोपा. 28 आठवड्यांनंतर उताणं झोपलं की गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतं आणि बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, म्हणून झोपताना कुशीवर झोपायला सांगतात. डावी किंवा उजवी, कोणतीही चालेल. झोपेत कूस बदलणं कुणाच्याच हातात नसतं. त्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका.

प्रश्न: पाठ फार दुखते. घरात आयबुप्रोफेनच्या गोळ्या आहेत, एखादी घेतली तर चालेल?

नको. 20 आठवड्यांनंतर या गटातल्या गोळ्यांचा बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधीच बंद होण्याचीही भीती असते. त्याआधीसुद्धा मनाने घेऊ नका. सहसा पॅरासिटामॉल दिलं जातं, तेही लागेल तेवढंच आणि डॉक्टरांना विचारून. मुरुमांच्या किंवा सुरकुत्यांच्या क्रीमवर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन असं लिहिलं असेल तर ते बाळंतपण होईपर्यंत बाजूला ठेवा. क्रीमसुद्धा औषधच आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

प्रश्न: घरात मांजर आहे. दुसरीकडे ठेवायला सगळे सांगतात.

मांजर राहू दे. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी तिच्या विष्ठेतून येऊ शकतो, पण तो बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून तिचा ट्रे रोजच्या रोज साफ व्हायला हवा, आणि शक्यतो दुसऱ्या कुणीतरी करावा. तुम्हालाच करावा लागला तर हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. बागेतल्या मातीत हात घालतानाही तेच. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हा संसर्ग होतो. त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

प्रश्न: मोबाइल आणि मायक्रोवेव्हचं काय?

दोन्ही खुशाल वापरा. फक्त जिन्यावरून उतरताना फोन पर्समध्ये आणि एक हात कठड्यावर ठेवा, कारण या दिवसांत तोल पटकन जातो.

प्रश्न: आठवा महिना आहे. संध्याकाळपासून बाळाची हालचाल कमी वाटते. सकाळपर्यंत वाट बघू का?

नाही. आत्ताच दवाखान्यात फोन करा आणि जा. गोड खाऊन बघू, घरच्या यंत्रावर ठोके ऐकू, यात वेळ घालवू नका. ठोके ऐकू आले म्हणजे बाळ बरं आहे असं नसतं. तपासणीत सगळं ठीक निघालं तर छानच, आणि उद्या पुन्हा तसंच वाटलं तर पुन्हा या. तिथे कुणीही तुम्हाला नावं ठेवणार नाही.