मावशींना कॅश दिली, एफएसए पण घेतला, आता टॅक्सचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडिसन, न्यू जर्सीचं जोडपं, दोघंही नोकरीत, दोघंही ग्रीन कार्डवर, मुलगी दीड वर्षाची. मार्च २०२५ पासून तिला सांभाळायला घरी एक मावशी येतात, सोमवार ते शुक्रवार, रोज आठ तास, आठवड्याला ७०० डॉलर, कधी कॅश कधी झेल (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय). सुट्ट्या वजा जाता वर्षात ४० आठवडे भरले, शिवाय दिवाळीला ५०० डॉलरचं पाकीट आणि एक साडी. मावशी ५८ वर्षांच्या, त्याही ग्रीन कार्डवर, पण त्यांचं म्हणणं "माझं नाव कुठल्या कागदावर नको, माझं मेडिकेड जाईल" (म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा). एका ओळखीच्या टॅक्सवाल्याने सल्ला दिलाय की १०९९ (कंत्राटदाराला दिलेल्या पैशांचा टॅक्सचा फॉर्म) देऊन मोकळे व्हा, मित्र म्हणतात काहीच करू नका, इथे सगळे कॅशच देतात. नवऱ्याने कंपनीकडून डिपेंडंट केअर एफएसएचे (मूल सांभाळण्याच्या खर्चासाठी पगारातून करमुक्त बाजूला ठेवलेले) ५,००० डॉलर उचललेत आणि उन्हाळ्यात त्याला सिटिझनशिपचा अर्ज भरायचाय.

स्पष्टच सांगतो, मित्रांचंही ऐकू नका आणि त्या टॅक्सवाल्याचंही.

तुमच्या मेलमध्ये एफएसएचा उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता आलाय, पण सगळी गोची तिथेच आहे. ते ५,००० तुमच्या स्वतःच्या डब्ल्यू-२ वर (वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा कागद) दहाव्या खान्यात छापून आलेत, म्हणजे आयआरएसला (अमेरिकेचं टॅक्स खातं) ते आधीच माहीत आहेत. ते करमुक्त ठेवायचे तर १०४० (तुमचा वार्षिक टॅक्स रिटर्न) सोबत फॉर्म २४४१ लावावाच लागतो, त्यात मूल कोण सांभाळतं त्याचं नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर आणि किती पैसे दिले ते लिहायचं असतं, आणि त्याच ओळीत सरळ विचारलेलं असतं की ही व्यक्ती तुमची घरकामाची नोकर होती का, हो की नाही. तिथे "हो" म्हणालात आणि शेड्यूल एच (घरच्या नोकरांच्या टॅक्सचा फॉर्म) जोडलं नाही तर तुम्ही स्वतःच स्वतःची तक्रार केलीत, आणि "नाही" म्हणालात तर खोटं लिहिलं, आणि खाली सही करताना पेनल्टी ऑफ पर्जरी (शपथेवर खोटं लिहिल्याची शिक्षा) मान्य केलेली असते. एफएसए घ्यायचा आणि मावशींना लपवायचं, हे ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं आहे, आणि इथे भांडं काचेचं आहे.

आता १०९९ का नाही. वेळ तुम्ही ठरवता, मुलीला काय भरवायचं, कधी झोपवायचं, फिरायला न्यायचं की नाही हे तुम्ही सांगता, घर तुमचं, डायपर तुमचे. कायद्याच्या दृष्टीने एवढ्यावरच त्या तुमच्या नोकर ठरतात, मग कॅश द्या की चेक, महिन्याने द्या की आठवड्याने, तोंडी ठरलेलं असो की लेखी. आणि १०९९ हा धंद्यात दिलेल्या पैशांचा कागद आहे, तुमचं घर म्हणजे धंदा नाही. वर त्या कागदामुळे सगळाच्या सगळा १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स मावशींच्या बोकांडी बसतो, म्हणजे तुमचा वाटाही त्यांनी भरायचा. तुमच्याकडे बऱ्याच जणांची मुलं सकाळी एखाद्या काकूंच्या घरी सोडली जातात, तिथे आणखी तीन-चार मुलं असतात, काकू स्वतःच्या घरात स्वतःच्या पद्धतीने सांभाळतात, ती गोष्ट वेगळी, त्या तुमच्या नोकर होत नाहीत. तुमच्या टॅक्सवाल्याने बहुतेक ती केस डोळ्यासमोर धरून सल्ला दिला असावा.

मर्यादा किती? २०२५ साठी एका माणसाला वर्षात २,८०० डॉलर किंवा जास्त कॅश दिली की सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) यांचा टॅक्स लागू होतो, २०२६ साठी तो आकडा ३,००० आहे. तुम्ही तो चौथ्या आठवड्यातच गाठला. बेरोजगारी कराची म्हणजे फ्युटाची मर्यादा वेगळी, कुठल्याही तिमाहीत १,००० डॉलर.

आकडे मांडू. ४० गुणिले ७०० म्हणजे २८,०००, त्यात दिवाळीचं पाकीट ५००, एकूण २८,५००. हो, पाकीटही धरायचं, नोकराला दिलेली रोख भेट पगारातच मोजतात. साडी कॅश नाही, त्यामुळे ती या हिशोबात येत नाही, तिचं टेन्शन घेऊ नका. सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के, मिळून ७.६५ टक्के तुमचे आणि तेवढेच मावशींच्या पगारातून कापायचे होते, एक वाटा होतो २,१८०.२५. तुम्ही कापले नाहीत, तरी सरकार पूर्ण ४,३६०.५० तुमच्याकडूनच घेणार. आता मागच्या वर्षीचे त्यांच्याकडून वसूल करावेत का? नियमाप्रमाणे पुढच्या पगारातून कापता येतात, पण माझं ऐकाल तर नको. न्यू जर्सी पगारातल्या कपातीच्या बाबतीत कडक आहे, आणि तुमच्या चुकीसाठी त्यांच्या हातातले दोन हजार काढून घेतलेत तर बाई दुसऱ्या दिवशी येणार नाही. स्वतः भरा आणि विषय संपवा.

पण स्वतः भरलंत की डब्ल्यू-२ भरताना एक बारीक गोष्ट आहे, तिथे भले भले चुकतात. त्यांच्या वाट्याचे तुम्ही भरलेले २,१८०.२५ हे इन्कम टॅक्ससाठी त्यांचं उत्पन्न धरतात, म्हणून पहिल्या खान्यात ३०,६८०.२५ येईल, पण तिसऱ्या आणि पाचव्या खान्यात २८,५००च राहतील, चौथ्यात १,७६७ आणि सहाव्यात ४१३.२५. खाने जुळत नाहीत म्हणून घाबरून एकसारखे करू नका, ते जुळायचे नसतातच.

डब्ल्यू-२ ची मुदत मात्र गेली. ३१ जानेवारी २०२६ ला शनिवार होता म्हणून तारीख २ फेब्रुवारी होती आणि आता फेब्रुवारी अर्धा उलटलाय. मुदतीनंतर ३० दिवसांच्या आत दिलंत तर दंड फॉर्ममागे ६० डॉलर, त्यापुढे १ ऑगस्टपर्यंत १३०, मग ३४०, आणि सरकारची प्रत आणि मावशींची प्रत यांचा दंड वेगवेगळा लागू शकतो. म्हणून या आठवड्यातच आयआरएसच्या साइटवरून ईआयएन (एम्प्लॉयरचा टॅक्स नंबर) काढा, फुकट आहे, लगेच मिळतो, पैसे मागणाऱ्या साइट्सवर जाऊ नका. तो आला की सोशल सिक्युरिटीच्या साइटवरूनच डब्ल्यू-२ भरता येतो. शेड्यूल एच मात्र तुमच्या १०४० सोबतच, १५ एप्रिलपर्यंत.

राज्याचं विसरू नका. न्यू जर्सीत एनजे-रेग हा नोंदणीचा फॉर्म भरून एम्प्लॉयर म्हणून नाव नोंदवायचं, घरकामवाल्या एम्प्लॉयरसाठी एनजे-९२७-एच म्हणून वर्षातून एकदाच भरायचा फॉर्म आहे. हे १५ एप्रिलच्या आत मार्गी लावा, कारण राज्याचं भरलेलं असलं तर फेडरल फ्युटा पहिल्या ७,००० वर ०.६ टक्के म्हणजे ४२ डॉलर, आणि नसलं तर ६ टक्क्यांप्रमाणे ४२० पर्यंत जातो. १ जुलै २०२४ पासून न्यू जर्सीत घरकाम करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा पण आहे, त्यात लेखी करार लागतो, तो तुमच्याकडे नाही हे तुम्ही न सांगताही मला कळलं. करा, आणि मावशींना वाचता येईल अशा भाषेत करा. संध्याकाळी ट्रेन चुकून यायला उशीर होतो म्हणालात, तर ४० तासांच्या वरच्या प्रत्येक तासाला दीडपट पैसे, हेही त्यात लिहा.

"पकडतं कोण?" हा तुमच्या मित्रांचा लाडका प्रश्न. आयआरएसचा माणूस तुमच्या दारात उभा राहणार नाही हे खरं आहे. पण उद्या मुलगी प्री-स्कूलला गेली, मावशींचं काम सुटलं, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी अनएम्प्लॉयमेंटचा (बेरोजगारी भत्त्याचा) अर्ज केला, की राज्य एम्प्लॉयरचं नाव विचारतं आणि तुमचं नाव येतं. बऱ्याच केसेस अशाच बाहेर पडतात. १९९३ मध्ये क्लिंटननी अॅटर्नी जनरलसाठी झोई बेअर्ड यांचं नाव पुढे केलं होतं, त्यांनी घरी ठेवलेल्या जोडप्याकडे कामाचे कागद नव्हते आणि सोशल सिक्युरिटी टॅक्सही भरला नव्हता, म्हणून त्यांना माघार घ्यावी लागली, आणि त्यानंतरच १९९४ चा कायदा येऊन हे सगळं वर्षातून एकदा १०४० सोबत भरायची सोय झाली. तुम्हाला अॅटर्नी जनरल व्हायचं नाहीये, पण एन-४०० वर, म्हणजे सिटिझनशिपच्या अर्जावर, थकलेल्या टॅक्सबद्दल प्रश्न आहे आणि तिथेही उत्तर शपथेवर द्यायचंय. आत्ता भरून टाकलंत तर उन्हाळ्यात पावती दाखवता येईल.

मावशींशी मात्र नीट बसून बोला, चहा करून. मेडिकेडचं काय होईल ते त्यांनी स्वतंत्रपणे कुणाला तरी दाखवावं, मी तुमच्या बाजूने लिहितोय त्यामुळे त्यांचा सल्लागार होऊ शकत नाही. पण हे सांगा की डब्ल्यू-२ मुळे त्यांच्या नावावर सोशल सिक्युरिटीचे क्रेडिट चढतात, २०२५ मध्ये ७,२४० डॉलर कमावले की वर्षाचे चारही मिळतात, आणि ४० झाले की म्हातारपणी पेन्शन आणि पैसे न भरता मेडिकेअरचा पार्ट ए. कॅशमध्ये यातलं काहीच मिळत नाही, आजारी पडल्या तर राज्याचं डिसॅबिलिटी पण नाही. आय-९ (कामाच्या परवानगीची खातरजमा करायचा फॉर्म) भरून घ्यायचा राहिलाय, तोही त्यांच्याकडून आता भरून घ्या, पण मागची तारीख टाकू नका, आजचीच टाका. इन्कम टॅक्स कापणं तुमच्यावर बंधनकारक नाही, त्यांनी डब्ल्यू-४ (किती टॅक्स कापायचा ते सांगणारा फॉर्म) देऊन सांगितलं आणि तुम्ही हो म्हणालात तरच.

खर्चाने डोळे पांढरे झाले असतील तर एवढं बघा, तुम्ही २४ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर एफएसएच्या ५,००० वर इन्कम टॅक्स आणि तुमच्या पगारातले ७.६५ टक्के मिळून साधारण पंधराशे डॉलर वाचलेत, म्हणजे तेवढे परत आल्यासारखेच, आणि २०२६ पासून ती मर्यादा ७,५०० झालीय, कंपनीने प्लॅन बदललाय का विचारा. यावर्षीपासून ७.६५ टक्के दर आठवड्याला कापा आणि छोटी पे-स्लिप द्या. तुमच्या वाट्याचं ओझं एप्रिलमध्ये एकदम येऊ नये म्हणून स्वतःच्या नोकरीत डब्ल्यू-४ च्या ४(सी) ओळीत दर पगाराला थोडी जास्त कपात लावून घ्या.

सीपीएकडे (अकाउंटंटकडे) जाण्याआधी झेलची सगळी स्टेटमेंट्स डाउनलोड करा आणि कॅश दिलेल्या तारखा आठवतील तशा एका वहीत उतरवून काढा, बँकेतून पैसे काढल्याच्या नोंदींवरून बऱ्याच सापडतील. तुमचे ४० आठवडे हे अंदाजाने म्हणताय असं वाटलं, ते ४१ निघाले तर वरचे सगळे आकडे बदलतील.